हयवदनरावांची नदी

व्हाइटफील्डला नदी नाही. मी सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली, तेव्हा एवढं तरी ठामपणे सांगू शकतो. तरीही एकोणीसशे साठच्या सुमारास बंगलोरबाहेरच्या त्या वस्तीत एका बंगल्याच्या आवारात एक नदी होती आणि ती खोदण्यात माझा हात होता. पहिल्या दिवशी ती उलटी वाहिली, त्यातही माझाच हात होता. पण नदी माझी नव्हे. ती हयवदनरावांची.

हयवदनराव आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. बुटके, गोल चेहऱ्याचे, बंद गळ्याचा कोट घालणारे. कोटाच्या खिशात खडूचे तुकडे असायचे आणि त्यामुळे उजवा खिसा कायम पांढरा. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळी बंगलोरला आलेलं. हे सांगून झालं की लगेच ते म्हणत, "आमचे पूर्वज आले ते घोड्यावरून म्हणे. मी सायकलवर आहे. तीनशे वर्षांत एवढी प्रगती झाली की आमची." मी साताऱ्याहून नवीन आलो तेव्हा त्यांचं कानडी हेल असलेलं मराठी ऐकून मी विचारलं होतं, "आपण मूळचे कुठले?" ते शांतपणे म्हणाले, "इथलेच. तुम्ही कुठून चुकलात?"

बळेपेटेच्या एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. अंगण नाही, गच्ची नाही. खिडकीत तुपाच्या रिकाम्या डब्यात एक तुळस होती. ती दोनदा वाळलेली आणि दोन्ही वेळा अहल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गुपचूप दुसरी आणून लावलेली. आणि या माणसाला वेड होतं बागांचं. बागा लावायचं नव्हे, मांडायचं. दर रविवारी आम्ही दोघे बंगलोरच्या लालबागेत जायचो. मी झाडांच्या नावाच्या पाट्या वाचायचो आणि हे मनातल्या मनात झाडं हलवायचे.

"हा बाक चुकला," ते म्हणत. "संध्याकाळी इथे सावली येते, पण संध्याकाळी सावली कुणाला हवी? आणि ते झाड बघा, उगाच मधे उभं. कारंज्याचा आवाज इथवर यायला हवा, तो अडवून बसलंय."

"मग तुम्हीच एक बाग करून दाखवा," मी एकदा म्हणालो.

"कुठे? तुमच्या टकलावर?"

मी टोपी नीट केली. जागा तशी प्रशस्त होती, पण पाण्याची सोय नव्हती.

अहल्याबाईंना कुणी या छंदाबद्दल विचारलं की त्या म्हणत, "यांची बाग बघायची तर यांचे डोळे मिटलेले असताना बघायला हवी. सगळी आतच आहे." हयवदनरावांना हे मान्य होतं. "मी कागदावरचा माळी," ते म्हणायचे. "माझ्या बागेला कधी पाणी लागलं नाही, खत लागलं नाही, फूलही लागलं नाही."

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर खरीखुरी बाग करायला मिळाली, ती माझ्यामुळे. म्हणजे माझ्या अज्ञानामुळे.

उमाकांत हा वाईचा. मी साताऱ्याचा. महाराष्ट्रात असतो तर आम्ही एकमेकांकडे पाहिलंही नसतं, पण बंगलोरात तेवढ्यावर आम्ही भाऊबंद झालो. तो विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होता. वडील गेल्यावर आई, ठकुबाई, वाईला एकट्याच राहत होत्या. एकदा उमाकांत त्यांना घेऊन आला, पण कारखान्याच्या वसाहतीतलं घर पाहून त्या महिन्याभरात परत गेल्या. "खोक्यात मला राहता येत नाही," म्हणाल्या. "दाराबाहेर पाऊल टाकलं की दुसऱ्याचं दार." उमाकांतने हे फार मनाला लावून घेतलं. त्या वेळी व्हाइटफील्डमधली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून परदेशी निघाली होती. त्यांचे कौलारू बंगले, भोवती एकरांनी जागा, विकायला निघाले होते. आईने अंगण मागितलं, मुलाने माळरान घेतलं.

मग तो माझ्याकडे आला. "मास्तर, तुम्ही भूगोलाचे. माती, पाणी, हवामान हे तुमचंच. बाग कशी करू सांगा."

मी भूगोल शिकवायचो म्हणजे कधी न पाहिलेल्या नद्यांची लांबी सांगायचो. पण तसं कबूल करायचं जिवावर आलं म्हणून मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "यासाठी एक माणूस आहे."

पुढच्या रविवारी पॅसेंजर गाडीने आम्ही व्हाइटफील्डला गेलो. स्टेशनापासून बंगल्यापर्यंत ऊन डोक्यावर घेत चालत. आवार पाहून मी मनातल्या मनात उमाकांतच्या आईला वाईच्या गाडीत बसवून दिलं. तांबडा मुरूम, त्यात दगड, कुंपणाशी चारदोन करंज, आणि बंगल्यासमोर एक पिवळा चौकोन. आधीच्या मालकिणीने तिथे हिरवळ राखायचा प्रयत्न केला होता म्हणे. विहीर खोल होती आणि उन्हाळ्यात तळाला जायची. पाणी घरापुरतं, बस.

उमाकांतने कारखान्याच्या पद्धतीने एक आराखडा काढून ठेवला होता. मधोमध हिरवळ, चारी बाजूंनी गुलाब.

हयवदनरावांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "या जमिनीत हिरवळ म्हणजे वर्गात वाघ पाळणं," ते म्हणाले. "रोज त्याला खायला घालायचं, आणि वर्षअखेर तो काही शिकलेला नसतो."

"मग?"

"मग झाडांना वर्गात बसवतो तसं बसवायचं. ज्यांना सारखं बघावं लागतं ती पहिल्या बाकावर, घराला लागून. मोगरा, जास्वंद, दूर्वा. मधल्या बाकांवर जरा कमी लाडाची. तगर, कण्हेर, देवचाफा. आणि शेवटच्या बाकावर ती, जी तुमच्याशिवायच मोठी होतात. सीताफळ, करवंद, बोगनवेल, घायपात. त्यांच्याकडे लक्ष दिलं तर उलट बिघडतात. आणि सगळ्याच्या आधी सावली. सावली नाही तर बाग नाही. नुसतं प्रदर्शन."

मी चकित झालो. इतकी वर्षं या माणसाच्या डोळ्यांआड ही बाग उभी होती आणि मी तिथे पाट्या वाचत फिरत होतो. परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. "भूगोलराव," ते म्हणाले (मला ते याच नावाने हाक मारत), "हे फसलं तर मला परत लालबागेत बोलायला तोंड राहणार नाही."

काम उन्हाळ्याच्या सुटीत सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. हयवदनरावांना कागदावर आखणी पसंत नव्हती. बाग जितकी आहे तितक्याच मापाची जमिनीवर काढायची, मग तीत हिंडून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी पोतंभर रांगोळी आणवली. वाटा, वाफे, ओटे, सगळं आवारभर पांढऱ्या रेघांत उमटलं. पण या माणसाला नुसती रेघ मारता येत नसे. वाट वळली की वळणावर वेल निघायचा, वेलाला पान फुटायचं. विहिरीभोवती तर त्यांनी पाकळ्या मोजून कमळ काढलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे हिंडत होतो आणि वा वा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी खणायला माणसं आली. बायकांनी आवारातली रांगोळी पाहिली, चपला बाहेर काढल्या, आणि कुणीतरी घरातून मागून आणून कमळावर हळदकुंकू वाहिलं. मग सगळी मंडळी फाटकाशी जाऊन बसली.

"खणा की!" हयवदनराव कानडीत म्हणाले.

"रांगोळीवर कुदळ?" त्यातली एक वयस्क बाई म्हणाली. "तुमच्या घरात असं करतात का?"

हयवदनराव माझ्याकडे वळले. "आमच्या घरात असं करतात का?"

"नाही," मी म्हणालो.

"पुसून टाकतो, मग?"

"हळदकुंकू वाहिलेलं?"

शेवटी दिवसभर थांबून, संध्याकाळी पाणी शिंपडून, नमस्कार करून ती त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली आणि दुसऱ्या दिवशी राखेने तीच आखणी पुन्हा केली. या वेळी पानं नाहीत, फुलं नाहीत. "माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट चित्र," ते म्हणाले, "पण खणता येतंय."

त्या पावसाळ्यात झाडं लागली. आम्ही दर रविवारी जायचो. पहिल्या बाकावरची मंडळी धरून राहिली. मधली काही नापास झाली. शेवटच्या बाकावर बोगनवेलीने कुंपण कधी ओलांडलं ते कळलंही नाही. हयवदनरावांना सर्वांत अभिमान दूर्वांचा होता. न्हाणीघराची मोरी जिथे बाहेर निघते तिथेच त्यांनी दूर्वांचा वाफा केला होता. घरातल्या सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी, एरवी वाया जाणारं, सरळ तिथे. सगळं आवार तांबडं असलं तरी तो तुकडा बघणाऱ्याच्या डोळ्यांना थंड करायचा. "विहिरीतला एक थेंब न घेता," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

दिवाळीनंतर ठकुबाई आल्या.

उंच, सडपातळ, नऊवारी आलवणातल्या, पाठ ताठ. उन्हाला हात आडवा धरून त्यांनी आवार पाहिलं. उमाकांत आणि त्याची बायको हेमलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मी हयवदनरावांच्या चेहऱ्याकडे. ठकुबाई चाफ्यापाशी थांबल्या, सीताफळाचं पान चुरून त्यांनी वास घेतला. "माती तुमची वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पण झाडं तक्रार करत नाहीत." हयवदनराव कोटाच्या खिशात खडू चुरडत राहिले. नंतर मला म्हणाले, "पास केलं की हो मला."

मग त्या न्हाणीघराच्या बाजूला गेल्या. दूर्वांपाशी खाली बसल्या, एक जुडी खुडली. गणपतीला रोज स्वतः खुडलेल्या दूर्वा वाहायच्या हा त्यांचा नेम होता. वाईला घाटावरून येताना त्या खुडून आणत. हातातली जुडी त्यांनी वर धरली आणि मग त्यांची नजर मोरीच्या तोंडाकडे गेली.

"हे पाणी कुठलं?"

"न्हाणीचं, अक्का," हयवदनराव उत्साहाने म्हणाले. "विहिरीतला एक थेंब न घेता—"

ठकुबाईंनी जुडी खाली ठेवली. फेकली नाही, ठेवली. "म्हणजे माझ्या अंगावरून उतरलेलं पाणी मी देवाच्या डोक्यावर ठेवायचं?"

आम्हा चौघांच्या, म्हणजे दोन मास्तर, एक इंजिनियर आणि एक पदवीधर सून यांच्या, डोक्यात हे आलं नव्हतं. आमच्या घरी देव होते, दूर्वा होत्या, सोवळंओवळं होतं. फक्त तीन गोष्टी एकत्र मांडून बघायचं कुणाला सुचलं नाही.

त्या दिवसापासून ठकुबाईंनी दूर्वा तोडल्या नाहीत. बाजारच्या आणून दिल्या तर म्हणाल्या, "कुणी, कुठून उपटल्या, कुणाला ठाऊक." विहिरीचं पाणी द्यावं तर उन्हाळा यायचा होता आणि विहीर आत्ताच खाली गेली होती. संक्रांतीनंतर त्यांनी मुलाला सांगितलं, "शिवरात्रीच्या आधी पुण्याला कुणी जाणारं असेल तर मला सोबत बघ. जिथे देवाला दोन दूर्वा देता येत नाहीत तिथे मी उन्हाळा काढणार नाही."

उमाकांतने आम्हाला हे सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला होता. "आई गेली तर मी ही जागा ठेवणार नाही," तो म्हणाला. "एवढं आवार कुणासाठी? शेजारचा मनुष्य द्राक्षमळ्यासाठी मागतोच आहे."

द्राक्षमळा म्हणजे सगळं साफ करून तारा ठोकणं. हयवदनराव उठले. बागेत एक फेरी मारून आले, येताना एका चाफ्याच्या बुंध्यावरचा मुरूम उगाच सारखा केला, आणि थेट ठकुबाईंपुढे जाऊन उभे राहिले. त्या ओसरीत वाती वळत होत्या.

"अक्का, एक विचारू की?"

"विचारा."

"वाईला तुम्ही कृष्णेत अंघोळ करता."

"करते."

"सगळं गाव करतं. म्हशीसुद्धा."

"म्हशी खालच्या अंगाला."

"पण वरच्या अंगाला दुसरं गाव आहे. त्यांच्या म्हशी त्यांच्या खालच्या अंगाला. आणि तुम्ही त्याच पाण्याची कळशी भरून देवाला आणता."

"ते वाहतं पाणी आहे, मास्तर," ठकुबाई म्हणाल्या. "वाहत्या पाण्याला विटाळ नसतो."

"वाहतं म्हणजे किती वाहायला हवं?"

वात वळणारा हात थांबला. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. "वाहताना दिसलं पाहिजे," त्या शेवटी म्हणाल्या. "मोरीतून गळलं आणि वाफ्यात मुरलं, याला वाहणं नाही म्हणत. नदीसारखं गेलं पाहिजे. ऊन लागलं पाहिजे, दगडावरून गेलं पाहिजे. मग बघू."

"सरी, ठरलं!" हयवदनराव म्हणाले आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेले. "भूगोलराव, तुमचा विषय आला."

ठरलं ते असं. ठकुबाईंची अंघोळ पहाटे सर्वांआधी, साबणाशिवाय. तेवढंच पाणी वेगळं काढायचं. दूर्वांचा वाफा मोरीजवळून हलवून दूर चाफ्यांपलीकडे न्यायचा आणि न्हाणीपासून तिथवर दगडी तळाचा उघडा पाट करायचा. हयवदनरावांनी त्याची रेघ काढली, आणि या वेळी त्यांचा हात कुणी अडवला नाही. ती रेघ चाफ्याला वळसा घालून तगरीकडे जायची, तिथून परत फिरायची, सीताफळाच्या पायाशी रेंगाळायची. बघताना असं वाटायचं की आवार तिच्यासाठीच आखलंय.

उतार काढायचं काम माझं. पाणसळ आमच्याकडे नव्हती, म्हणून मी औषधाची लांबट बाटली जवळजवळ भरून, बूच लावून, एका सरळ फळीला बांधली. आत एक बुडबुडा. ही युक्ती मी मुलांना कितीदा सांगितली होती. फळी ठेवायची, बुडबुडा बघायचा. बुडबुडा जिकडे पळतो तिकडे उतार, हे माझ्या दृष्टीने उघडच होतं. जगात सगळं उताराकडेच पळतं. मी पाटाच्या कडेने रांगत रांगत, बुडबुडा दूर्वांकडे पळेल अशा बेताने तळ खणून घेतला, आणि गवंड्याने मी सांगितलं तसे दगड बसवले. हयवदनरावांनी एकदा विचारलं, "डोळ्याला उलटं वाटतं की हो." मी म्हणालो, "डोळ्यावर जाऊ नका. शास्त्र आहे हे."

बुडबुडा वर चढतो. हे मी इथे लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

रविवारी पहाटे पाणी सोडायचं ठरलं, आणि आम्ही आदल्या रात्रीपासूनच मुक्कामाला होतो. हेमलताने बंब पेटवला. ठकुबाई अंघोळीला गेल्या. आम्ही तिघे पुरुष अदबीने दूर, दूर्वांच्या टोकाशी, पाटाकडे डोळे लावून उभे. आतून तांब्यांचा आवाज आला. मंत्र ऐकू आले, गंगा, यमुना, गोदा. पाट कोरडा. पुन्हा तांब्याचा आवाज. पाट कोरडा. मग बराच वेळ शांतता, आणि आतून ठकुबाईंचा खणखणीत आवाज,

"मास्तर! तुमची नदी माहेरी परत आली! घोट्याएवढी झालीय!"

हयवदनराव मटकन खाली बसले. मला वाटलं हा माणूस आता रडणार. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्याने. "भूगोलराव," ते डोळे पुसत म्हणाले, "वीस वर्षं तुम्ही नद्या शिकवल्या. अशा वाहतात म्हणून मुलांना सांगितलंत काय? ती आता मोठी झालीत, कुणी धरण बांधत असेल."

"बांधत असेल तर चांगलंच अडेल पाणी," उमाकांत म्हणाला. तो हसत नव्हता. "सोबत मिळाली आहे. पुढच्या बुधवारचं तिकीट आहे."

सगळे दगड उपसले. उलट बाजूने उतार देऊन पुन्हा बसवले, दोघांनी दोन दिवस शाळेतून रजा काढून, गवंड्याच्या हाताखाली. पण वळणांनी लांबी वाढली होती आणि जमिनीला मुळात उतारच थोडा. पाणी निघालं, चाफ्यापर्यंत आलं, पहिल्या वळणावर थांबलं आणि तिथेच डबकं करून बसलं. हयवदनराव गुडघ्यांवर बसून हाताने पाणी पुढे ढकलत होते, लहान मुलाला शाळेत ढकलावं तसं.

"थांबलेलं चालणार नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे की."

"वळणं काढली तर सरळ जाईल. लांबी निम्मी होईल, उतार दुप्पट."

ते त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर डोळ्यांआड काढलेल्या सगळ्या रेघांमधली ही एक बाहेर आली होती. मग त्यांनी राखेची टोपली उचलली, न्हाणीपासून दूर्वांपर्यंत सरळ चालत गेले आणि मागे पट्टीने मारावी तशी रेघ उमटली. "मुलांनी अशी मारली असती तर मी पूर्ण मार्क दिले असते," ते म्हणाले आणि हात झटकून गवंड्याला हाक मारायला गेले.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी पहाटे पाणी वाहिलं. न्हाणीतून निघालं, दगडांवरून खळखळत, उगवतीचं ऊन घेत सरळ दूर्वांत. आम्ही ओरडलो. ओसरीत ठकुबाईंची ट्रंक बांधून ठेवली होती. त्या अंघोळ आटपून बाहेर आल्या, पाटाच्या कडेने टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. आम्ही शाळेच्या तपासणीला उभं राहतो तसे उभे.

"हा पाट आहे," त्या म्हणाल्या.

उमाकांतने ट्रंकेकडे पाहिलं.

"उसाला देतात तसला. मी नदी म्हटलं होतं. नदी कधी अशी नाकासमोर जाते का? कृष्णा आमच्या गावाला बघून वळते, थांबून विचारपूस करते आणि मग पुढे जाते. ही तर शाळेत उशीर झाल्यासारखी पळतेय."

"आई, तिला वळण होतं," उमाकांत कळवळून म्हणाला. "दोनदा होतं. पाणी अडत होतं म्हणून यांनीच—"

"अडत होतं म्हणजे उतार कमी. दूर्वा आणखी खाली न्या, त्या करवंदांपाशी. तिकडे जमीन उतरतेय, दिसत नाही का तुम्हाला?"

माझ्याकडे बघून हे म्हणायची गरज नव्हती, पण त्यांनी माझ्याकडेच बघितलं.

हयवदनरावांचा चेहरा मी विसरणार नाही. पंचवीस मुलांच्या वर्गात एकाने आपण न शिकवलेलं बरोबर काढावं तसा. "करवंदांपाशी नेलं तर दोन वळणं बसतील, अक्का," ते म्हणाले.

"तीन बसतील. चाफ्याला एक, तगरीला एक, आणि एक उगाच."

"उगाच हवंच की."

"मग करा."

"पण तुम्ही उद्या निघालात."

ठकुबाईंनी ट्रंकेकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं आणि मग आम्हा दोघांकडे, तांबड्या मातीने माखलेल्या दोन मास्तरांकडे. "उमा, तिकीट परत कर," त्या म्हणाल्या. "माझ्यामागे हे दोघे काय करून ठेवतील याचा भरवसा नाही. एकदा घरात पाणी आणलंच आहे. नदी पुरी झाली की जाईन."

तीन वळणं पुरी व्हायला उन्हाळा गेला, कारण ठकुबाईंना एकेक दगड पसंत पडायला वेळ लागे. त्या खुर्ची टाकून बसत आणि हयवदनरावांना रागवत. "मास्तर, हा दगड डोळ्यांत खुपतो." "अक्का, तो तुम्हीच काल निवडला की." "काल ऊन निराळं होतं." वैशाखात आवार तापून निघायचं. शेवटच्या बाकावरची मंडळी तशीच उभी राहायची, आणि त्या सगळ्यात हिरवी रेघ एकच, न्हाणीपासून करवंदांपर्यंत, कडेने आपोआप उगवलेल्या गवताची. ठकुबाई रोज सकाळी तिच्या काठाने चालत जात आणि परत येताना त्यांच्या हातात जुडी असे. एकदा हेमलता मला बाजूला घेऊन म्हणाली, "सासूबाई आठवडाभर रविवारची वाट बघतात. घरात आम्ही सगळे त्यांचं ऐकतो, रागवायला कुणी मिळत नाही."

मी हे हयवदनरावांना सांगितलं. ते हं म्हणाले.

पावसाळ्यात नदी पुरी झाली. आश्विनात ठकुबाई वाईला जायचं बोलू लागल्या. त्याच्या पुढच्या रविवारी तगरीच्या वळणावरचे दोन दगड खचलेले सापडले आणि पाणी भलतीकडे मुरत होतं. ठकुबाईंनी जायचं पुढे ढकललं. माघात पुन्हा बोलणं निघालं, तेव्हा 'उगाच' वळणाचा तळ कसा कोण जाणे उखडला होता. हयवदनराव दर वेळी आश्चर्याने मान हलवत. "मुरमाची जमीन," ते म्हणत. मी जमिनीच्या धुपेवर दोन वाक्यं बोलायचो, पण माझ्या बोलण्याला त्या घरात आता वजन नव्हतं. परतीच्या गाडीत एकदा त्यांच्या कोटाच्या खिशाकडे मी पाहिलं. खडूऐवजी तांबडी माती होती. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

त्यांची नोकरी संपली तरी रविवार चुकला नाही. आणखी कुणाची बाग त्यांनी केली नाही. दोनचार बंगलेवाल्यांनी बोलावलं, तर म्हणाले, "एक अजून संपायची आहे." अहल्याबाई माझ्याकडे तक्रार करत, "आता डोळे मिटले तरी यांच्या आत काही नाही. सगळं व्हाइटफील्डला नेऊन ठेवलंय."

पासष्ट सालच्या माघातली गोष्ट. ठकुबाईंना आताशा काठी लागत होती, तरी खुर्ची वळणापाशीच. हयवदनरावांनाही गुडघे वाकवताना हुंकार यायचा. आम्ही पोचलो, नमस्कार झाले, हेमलताने कॉफी आणली. उमाकांत म्हणाला, "आई या वेळी खरंच वाईला जायचं म्हणतेय. चैत्रात."

हयवदनराव कॉफी संपवून, कप बशीत नीट ठेवून उठले आणि काहीच न सुचल्यासारखे पाटाच्या दिशेने निघाले.

ठकुबाईंनी काठीने जमिनीवर टकटक केलं. "मास्तर."

ते वळले.

"या वेळी चाफ्याजवळचं मोडा," त्या म्हणाल्या. "तिथे सावली असते. तुम्हाला उन्हात बसवत नाही आता, आणि मलाही."

हयवदनराव दोन पावलं परत आले. मग हात मागे बांधून म्हणाले, "मोठं मोडू का, लहान?"

"मोठं," ठकुबाई म्हणाल्या. "लहान तुम्ही चार दिवसांत दुरुस्त करता."